उंबरोलीची हरकत

पहिली शिट्टी वाजायच्या आधीच ज्याची हरकत तयार असते, असा खेळाचा शौकीन मी आयुष्यात एकच पाहिला. बारकूअण्णा. गडी अजून काचे मारत असत, मी फक्कीच्या रेषा तपासत असे, आणि मागून आवाज येई, "गुरुजी, ह्यो अन्याव हाय!"

"अहो अण्णा, अजून काहीच झालेलं नाही."

"व्हनार हाय न्हवं? मग आत्ताच सांगून ठिवतो."

आता अशा माणसापुढे पंचाने काय करावं, तुम्हीच सांगा. आणि मी तरी पंच कसला? पौडच्या शाळेतला मास्तर. हुतूतूतलं मला एवढंच कळे की एका दमात जायचं आणि त्याच दमात परत यायचं. पण कवायतीची शिट्टी माझ्या ताब्यात होती आणि अख्ख्या पौडात दुसरी शिट्टी नव्हती. तेवढ्या पात्रतेवर गावाने मला पंच केलं. अण्णांच्या पाच पिढ्यांशी माझं वैर असतं तरी त्यांनी मला याहून जास्त छळलं नसतं.

शिमगा झाला की पहिल्या रविवारी तालुक्याचे सामने होत. सामने म्हणजे जत्राच ती. भाताची खाचरं मोकळी झालेली असत. त्यातल्या एकातली ढेकळं फोडून, पाणी मारून, जमीन चोपून मैदान करत. चहूकडे गाड्या सोडलेल्या, जू टेकवलेली, आंब्याखाली बायकापोरं, भेळवाला, कलिंगडवाला, कासाराची बांगड्यांची पेटी. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे सामन्यापेक्षा मोठा कालवा भेळवाल्यापाशी चाले. माझी बायको मालती आणि आमची दोन्ही मुलं सकाळीच जागा धरून बसत. मालतीला खेळातलं माझ्याहूनही कमी कळे, पण बारकूअण्णांची बाजू न्याय्य आहे हे मात्र तिला दर वर्षी सामन्याआधीच कळलेलं असे.

हे बारकूअण्णा नावाला बारकू. अंगाने दरवाजाएवढे, मिशा पांढऱ्या, आवाज डोंगरापलीकडच्या गुराला हाक मारल्यासारखा. राहायला कासार आंबोलीत, पण संघ आणत तो उंबरोलीचा. आणि उंबरोली हे गाव तालुक्यात नव्हतं.

म्हणजे एके काळी होतं. वरच्या खोऱ्यात धरण झालं आणि उंबरोली पाण्याखाली गेली. तेव्हा अण्णांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. गावाची माणसं जिकडे वाट फुटली तिकडे गेली. अण्णा सासुरवाडीच्या तुकड्यावर कासार आंबोलीत आले. कुणी कोळवणकडे गेलं, कुणी पुण्यात भुसारपेठेत हमाली धरली, कुणी मुंबईत जेवणाचे डबे पोचवायला लागलं. एकाच्या घरचं लग्न दुसऱ्याला मूल झाल्यावर कळायचं. पण सामन्याच्या रविवारी असतील तिथून सगळे पौडला यायचे, बायकापोरांसकट, भाकरी बांधून.

सामने भरवणाऱ्या मंडळींचे मुख्य होते आबासाहेब. त्यांना ही भानगड मुळीच पसंत नव्हती. संघांच्या चिठ्ठ्या टाकताना ते दर वर्षी म्हणत, "अण्णा, जे गावच न्हाई त्याचा संघ कसा घ्यायचा?"

"गाव न्हाई कसं?" अण्णा उसळत. "गाव हाय तितंच हाय. वर पानी आलंय, येवढंच!"

 मग आबासाहेब चिठ्ठी टाकत आणि म्हणत, "नऊ गडी भरलं तर खेळा. ज्या सालाला भरनार न्हाईत, त्या सालापास्नं नाव बंद." अण्णांना धाक कसला तो एवढाच. नऊ गडी. बाकी ते मामलेदारालाही भीत नसत.

आता या संघाच्या खेळाबद्दल सांगतो, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल. बाकीच्या गावांची पोरं थंडीपासून रोज संध्याकाळी मैदानात घुमायची. उंबरोलीचा सराव म्हणजे सकाळी एसटीतून उतरल्यावर एकमेकांना ओळखणं. एकदा तर त्यांच्या एका गड्याने समोरच्या गड्याला सोडून आपल्याच चुलतभावाला कवळ घातली. वर्षभर भेट नाही, भावाने मिशा ठेवलेल्या, ओळखणार कसा? ओळख पटल्यावर त्याने तो सोडायचा, तर आणखीनच घट्ट धरला. तेवढ्यात समोरचा गडी दोघांना शिवून, माघारी जाऊन, वर हसत उभा. असला संघ पहिल्या फेरीच्या पुढे जाईल कसा? उन्हं तापायच्या आत उंबरोली हरलेली असे, आणि तीही एकदोन गुणांनी नाही, सपाटून.

बरं, हरलात ना? मग जा की घरी. पण नाही. मग सुरू व्हायची हरकत.

हरकतीला विषय लागत नसे. एका वर्षी वारा कोळवणच्या बाजूने वाहत होता. एका वर्षी म्हणे माझ्या शिट्टीलाच दम नव्हता. एका वर्षी विरुद्ध गडी मांड्यांना तेल लावून आला असं त्यांचं म्हणणं पडलं. मला, सरकारमान्य शिक्षकाला, चारशे माणसांदेखत त्या गड्याच्या मांडीवरून हात फिरवून हुंगायला लावलं. तेल नव्हतं. "गुरुजींना सर्दी झालीया," अण्णा म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. मला सर्दी नव्हती!

हरकत एका गुणाची असे. वीस गुणांनी हरलेल्या सामन्यातल्या एका गुणाची. तो दिला काय, न दिला काय, निकालात काडीचा फरक नाही. हे मी त्यांना खडू घेऊन दगडावर लिहून दाखवलं आहे. ते म्हणत, "गुरुजी, हिशेब पोरांस्नी शिकवा. हितं निवाडा पायजे."

आणि निवाडा म्हटलं की उंबरोलीचा शिरस्ता आलाच. गाव होतं तेव्हा तिथे रीतच होती म्हणे. चावडीवर वाद निघाला की निवाडा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. वादी नाही, प्रतिवादी नाही, ऐकणारा नाही आणि पंच तर नाहीच नाही. गाव बुडालं पण ही रीत तेवढी कोरडी राहिली. आंब्याखाली घोंगड्या पसरत, उंबरोलीची सगळी माणसं गोल करून बसत, मध्ये मला बसवत. कोळवणवाले जिंकून भेळ खायला निघून गेलेले असत. पुढचे सामने तलाठी तोंडाने शीळ घालून उरकत. मी पौडला होतो तितकी वर्षं पंच होतो, आणि अंतिम सामना मी एकदाही पाहिलेला नाही. आहे की नाही अन्याय? याबद्दल कुणी हरकत घेतली?

मग साक्षी निघत. तिथे जमलेल्या प्रत्येक माणसाची साक्ष होई, आणि साक्ष म्हणजे काय, तर साक्षीदाराची ओळख आधी पटली पाहिजे.

"तू कुनाचा रं?"

"महादूचा थोरला."

"आता कुटं असतोस?"

"दादरला. डबं पोचवतो."

"लगीन झालं न्हवं तुजं? पोरगं हाय? काय नाव ठिवलंस? महादू? ऐकलं का गं समद्यांनी, ह्येनं आज्ज्याचं नाव ठिवलं! म्हस कुनाला दिली मग तुज्या आयनं?"

"अण्णा," मी ओरडे, "म्हशीचा आणि या गुणाचा काय संबंध?"

"साक्षीदार खरा का खोटा, ते कळाय नगं व्हय?"

सगळ्यांत शेवटी चंद्राक्का. ही म्हातारी लांबच्या वाडीहून भाच्याच्या गाडीत बसून येई. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, पण दर वर्षी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष देई. त्यासाठी नवं लुगडं नेसून येई. "म्या बघितलं," ती छातीवर हात ठेवून सांगे, "पोराचं काय बी चुकलं न्हाई." कुठल्या पोराचं, कुठल्या वर्षी, ते विचारायची सोय नव्हती.

या सगळ्या वेळात माझी बायको काय करत होती? तर अण्णांच्या मंडळींच्या, काशीवहिनींच्या, पंगतीत बसून तांदळाची भाकरी आणि खर्डा खात होती. आमची मुलंही तिथेच. मधल्या रिंगणात मला खोटारडा म्हणत होते आणि कडेला माझं कुटुंब त्याच माणसांच्या हातची पावट्याची उसळ दुसऱ्यांदा वाढून घेत होतं. "अहो, करून टाका ना त्यांच्या मनासारखं," हे वर.

कळस पुढेच आहे. दिवस कलला, पुण्याच्या शेवटच्या एसटीचा हॉर्न वळणावर ऐकू आला की दिवसभर सिंहासारखे डरकाळणारे अण्णा एकदम उठत आणि हात जोडत. "जाऊ द्या. पंचाचं बोलनं त्ये देवाचं बोलनं. निवाडा कबूल!" मग सगळे उठून एसटीकडे पळत. अरे, कबूल होता तर सकाळी का नाही केलास? हा प्रश्न मी दर वर्षी रिकाम्या आंब्याखाली एकटा उभा राहून विचारत असे.

अखेर एका वर्षी मी ठरवलं, आता बास. त्या वर्षी माझा मेहुणा पुण्याहून खास अंतिम सामना बघायला आला होता. भावोजी पंच आहेत म्हणून त्याने चार ठिकाणी सांगितलं होतं. त्याच्यादेखत शोभा नको. मी मनाशी पक्कं केलं की अण्णा जी हरकत घेतील ती जागच्या जागी मान्य. शिट्टी माझी, तोंड माझं, कोण अडवतो?

त्या वर्षी उंबरोलीची माणसं थोडीच आली होती. मुंबईची तर निम्मीही नाहीत. गडी मोजले तर आठच. आबासाहेब हातात चिठ्ठी धरून अण्णांकडे बघत राहिले. अण्णांनी एकदा एसटीच्या वाटेकडे पाहिलं, मग पागोटं काढून काशीवहिनींच्या हातात दिलं, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "नववा म्या." पन्नाशी उलटलेला माणूस! लोक हसले. पण नऊ म्हणजे नऊ. आबासाहेबांना चिठ्ठी टाकावी लागली.

सामना कोळवणशी. अण्णा पहिल्याच चढाईत बाद झाले, तेही माझ्याशी भांडायला तोंड वळवल्यामुळे. पुढचा खेळ नेहमीसारखा. शेवटची चढाई शिवाची. शिवा म्हणजे तोच महादूचा थोरला, दादरचा डबेवाला. काटक पोरगा. त्याला चौघांनी दाबला, तरी तो 'हुतूतू' म्हणत मध्यरेषेकडे सरपटला आणि हात लांब केला. दम तुटला आणि बोट रेषेला लागलं. आधी काय झालं, ते परमेश्वराला ठाऊक. मी सवयीने 'बाद' म्हटलं.

"ह्यो अन्याव हाय!" अण्णा आलेच. "बोट आदी टेकलं!"

"टेकलं," मी म्हणालो.

अण्णा थांबले. "काय म्हनलात?"

"बोट आधी टेकलं. माझी चूक झाली. गुण उंबरोलीचा. संपलं."

"संपलं कसं? आन् साक्ष?"

"साक्षीची गरज नाही. तुमचा शब्द पुरे."

"माज्या येकट्याच्या शबुदावर?" अण्णा हतबुद्ध होऊन माझ्याकडे बघायला लागले. "गुरुजी, असा कुटं निवाडा असतो व्हय?"

"असतो. हा झाला." मी शिट्टी खिशात टाकली. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांनी मी त्या माणसाला गप्प केलं होतं. मेहुण्याला म्हटलं, चल, पुढे जागा धरू.

उंबरोलीची माणसं आंब्याखाली घोंगड्या पसरायला लागली होती. निवाडा झाल्याचं कळलं तसे हात थांबले. निवाडा झाला म्हणजे उठायला मोकळे. शिवा म्हणाला, "अण्णा, मग आमी दुपारच्या यष्टीनं निगतो. उद्या डबं हायेत." हमालीवाले दोघे म्हणाले, आम्हीही निघतो. कोळवणकडे राहायला गेलेल्या उंबरोलीकरांनी गाडी जुंपायला घेतली.

"आरं, भाकर तर खावा," अण्णा म्हणाले.

"वाटंत खाऊ की."

"पोरगं न्हाई दावलंस मला अजून."

"पुढल्या बारीला, अण्णा. जमलं तर."

अण्णा या घोंगडीवरून त्या घोंगडीकडे जात होते. मग ते मैदानात परत आले, गुडघे टेकून मध्यरेषा निरखून पाहायला लागले. रेषा वाकडी आहे म्हणाले. मी म्हटलं, आहे वाकडी, कबूल. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणाले. तेही कबूल. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. वारा नव्हता. मग ते तसेच खाली बसून राहिले. पागोटं नसलेलं त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघत होतो. पार टक्कल होतं. इतका थकलेला माणूस इतकी वर्षं माझ्याशी भांडतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आंब्याच्या बुंध्याशी चंद्राक्का नवं लुगडं सावरून बसली होती. तिने चाहूल घेत विचारलं, "गुरुजी हायती का? माजी साक्ष कवा?"

 काशीवहिनी जवळ आल्या. ही बाई इतक्या वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पागोटं अजून त्यांच्या हातात होतं.

"गुरुजी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी त्येंला व्हय कशाला म्हनलात? आता समदी उठत्याल. येक दिस त्येंचं गाव बसतंय, त्येबी उठवलंत."

मला सणसणीत मुस्कटात बसल्यासारखं झालं. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला रागच आला. माझी इतकी वर्षं, माझे सगळे अंतिम सामने, ती मांडी हुंगणं, ते सगळं यासाठी होतं? मग एका शब्दाने सांगता आलं नसतं? पण कुणाला काय सांगणार तो? गाव पुरत नाही हो गुरुजी, संध्याकाळपर्यंत पुरवून द्या, असं सांगणार?

मी खिशातून शिट्टी काढली आणि फुप्फुसं फाटेपर्यंत वाजवली. तलाठ्यांचा सामनासुद्धा थांबला.

"निर्णय फिरवला!" मी ओरडलो. "बोट टेकलंच नव्हतं! दम आधी तुटला! गडी बाद! उंबरोलीला गुण नाही!"

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मेहुण्याने माझा सदरा ओढला. "भावोजी, हे काय? दिलेला निर्णय फिरवतात का कुठे?"

"तू गप्प बस," मी म्हणालो.

अण्णा उठले. एक हात गुडघ्यावर टेकवून, हळूहळू. माझ्याकडे बघत चालत आले. अगदी जवळ आल्यावर थांबले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. रागाने नव्हे. मला तेव्हाच भीती वाटली की हा माणूस आता काहीतरी चांगलं बोलून सगळं घालवणार.

"बघता काय?" मी दरडावलं. "सांगितलं ना, बाद!"

"ह्यो..." अण्णांनी सुरुवात केली. त्यांनी घसा खाकरला. मग जी डरकाळी आली ती कोळवणपर्यंत गेली असेल. "ह्यो अन्याव हाय! दिल्याला निवाडा फिरवतो व्हय पंच? बसा रं समदी! कुनी हलायचं न्हाई!"

शिवाने खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. कोळवणकडच्यांनी बैल सोडले. घोंगड्या पुन्हा पसरल्या. काशीवहिनींनी अण्णांच्या डोक्यावर पागोटं ठेवलं आणि भाकरीचं फडकं सोडलं. मालती न सांगताच सरकून बसली आणि तिने माझ्या मेहुण्यालाही ओढून खाली बसवलं. त्याला अंतिम सामना दिसला नाही. खर्डा मात्र त्याने तीनदा मागून घेतला.

त्या दिवशी हरकत फारच रंगली. मीही हट्टाला पेटलो. प्रत्येक साक्षीदाराला उलटा प्रश्न मीच विचारला. कुठे असतोस, मुलं किती, आईचे गुडघे कसे आहेत. शिवाचं पोरगं रिंगणात आणून सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरवलं, कारण ते बापाच्या वतीने साक्षीदार होतं. चंद्राक्काने छातीवर हात ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. मी तिला पुन्हा सांगायला लावलं.

वळणावर हॉर्न वाजला. अण्णांनी हात जोडले, निवाडा कबूल केला, आणि सगळे उठले. पुढल्या वर्षी नक्की या, नऊ झाले पाहिजेत, असं प्रत्येकाच्या कानात ओरडत ते एसटीपर्यंत गेले. धूळ खाली बसेपर्यंत तिथे उभे राहिले.

मी खाचरातल्या रेषा पायाने पुसत होतो. ते परत आले आणि काशीवहिनींनी गाडी जुंपेपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले.  गाडीत चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरुजी, तुमच्यावानी वंगाळ पंच आख्ख्या तालुक्यात न्हाई," ते म्हणाले. "पुढल्या सालाला बी तुमीच या."